थंड खोलीला ताप आला तेव्हा

बेंगळूरच्या मारतहळ्ळीतल्या एका कल्याणमंटपाच्या, म्हणजे आपल्याकडच्या मंगल कार्यालयाच्या मालकांची पक्की समजूत होती की आमच्यामुळे त्यांची पाण्याची टाकी बोलायला लागली. आम्ही त्यांच्या गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी मोजणारी कांडी सोडली होती, जिन्याखाली एक पेटी बसवली होती आणि ती पेटी टेलिफोनच्या तारेला जोडली होती. पेटी ठरावीक वेळाने आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला फोन करायची आणि पाणी किती उरलं ते सांगायची. पाणी कमी झालं की आम्ही मालकांना कळवायचो. पण मालकांना मधला माणूस नको होता. ते घरून स्वतःच कार्यालयाचा नंबर फिरवायचे. पेटी फोन उचलायची आणि पलीकडे कॉम्प्युटर आहे असं समजून किंचाळायची. मालक डोळे मिटून ते किंचाळणं ऐकायचे.

"आज आवाज जड आहे, मेडम. टाकी भरलेली दिसते," ते मला सांगायचे.

मी त्यांना समजावून पाहिलं. किंचाळी रोज एकच असते, त्यात पाणी ऐकू येत नाही. ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही ती बनवली. मी ती रोज ऐकतो." त्यानंतर मी वाद घातला नाही. त्यांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा हेही खरं.

आता माझी भाची ऑफिसातून निघताना फोनवर बोट टेकवते आणि घरचा गीझर चालू होतो. तिला त्यात काही विशेष वाटत नाही, आणि वाटू नयेच. पण निर्जीव वस्तूंना आपली खबर दुसरीकडे पोचवायला शिकवणं हा नव्वदच्या दशकात माझा पोटापाण्याचा धंदा होता. त्याबद्दल लिही असा आग्रह झाला तेव्हा मला त्या टाकीची आठवण झाली आणि तिच्यामागोमाग आनेकलच्या थंड खोलीची. टाकीची गोष्ट हसण्यावारी नेता येते. खोलीची नाही.

आधी थोडं आमच्याबद्दल. आम्ही बेंगळूरचे जुने मराठी. किती पिढ्या झाल्या ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. आमच्या घरात वडिलांना अण्णा, थोरल्या बहिणीला अक्का, आणि ताक वाढताना "स्वल्प घे" म्हणतात. स्वल्प म्हणजे थोडं. मी इंजिनियरिंग शिकले आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका छोट्या कंपनीत लागले. मोठ्या कंपन्यांच्या काचेच्या इमारतींच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली आमचं ऑफिस होतं. मालक मूर्ती सर स्वतः इंजिनियर, शांत, काटकसरी आणि गिऱ्हाइकाला कधीच 'नाही' न म्हणणारे. कॉम्प्युटरची बाजू प्रमोद सांभाळायचा. तो नागपूरहून नुकताच आला होता. माझं मराठी ऐकून पहिल्या दिवशी त्याने विचारलं होतं, "मॅडम, हे मराठीच आहे न बाप्पा?" मी म्हटलं, "तुझ्याहून जुनं आहे." तेव्हापासून आमचं जमलं.

काम समजायला सोपं होतं. एक कांडी, जी मोजते. पाणी, उष्णता, जे काय असेल ते. एक पेटी, जी कांडीने मोजलेलं लक्षात ठेवते. आणि एक मोडेम, म्हणजे आकड्यांचे आवाज करून टेलिफोनवरून पाठवणारं यंत्र. आमच्या ऑफिसात त्याचा भाऊ बसलेला असायचा, तो आवाजांचे पुन्हा आकडे करायचा. कठीण होतं ते बाकीचं. टेलिफोनच्या तारेवर झाडाची फांदी पडायची, वीज जायची, कांडीच्या वायरीला उंदीर दात लावायचे. कॉलेजात शिकलेलं इलेक्ट्रॉनिक्स रोज अर्धा तास लागायचं. उरलेला दिवस पान्हा, शिडी आणि चिकटपट्टी यांचा.

दशकाच्या अखेरीस इंटरनेट आलं आणि मूर्ती सरांना नवी कल्पना सुचली. आकडे आपल्याच कॉम्प्युटरवर कशाला ठेवायचे? ते इंटरनेटच्या एका पानावर चढवले तर गिऱ्हाईक कुठेही बसून पाहील. प्रमोदने ते करून दाखवलं. आणि ते पहिल्यांदा विकत घेतलं गोपाल रेड्डी यांनी.

रेड्डींची बेंगळूरबाहेर, आनेकलच्या पलीकडे गुलाबाची बाग होती. प्लास्टिकच्या मोठमोठ्या मांडवांखाली लांब दांड्यांचे गुलाब वाढायचे, पहाटे कापले जायचे, निवडून, जुड्या बांधून थंड खोलीत जायचे आणि संध्याकाळच्या ट्रकने विमानतळावर. तिथून हॉलंड. तिथला व्यापारी वारंवार तक्रार करायचा की फुलं लवकर माना टाकतात, तुमची खोली नीट थंड नसणार. रेड्डी म्हणायचे, दोष विमानाचा आहे. हे भांडण मिटवायला त्यांना साक्षीदार हवा होता.

"खोलीच सांगू दे त्याला," ते मूर्ती सरांना म्हणाले. "त्याच्या टेबलावर जाऊन सांगू दे."

मी खोलीत दोन कांड्या बसवल्या. एक पंख्याजवळ भिंतीवर, दुसरी खोलीच्या मध्ये, फुलांच्या बादल्यांमध्ये वायरीवर लोंबती. पेटी बाहेर, बागेच्या ऑफिसात, टेलिफोनशेजारी. बागेत एकच टेलिफोन होता, तो पेटीने आणि माणसांनी वाटून घ्यायचा होता, म्हणून ही पेटी टाकीच्या पेटीसारखी आलेला फोन उचलायची नाही, फक्त स्वतः करायची. पेटी एरवी तासाला फोन करायची. उष्णता आठ अंशांच्या वर गेली तर लगेच करायची आणि खाली येईपर्यंत दर काही मिनिटांनी करत राहायची.

पहिल्या दिवशी प्रमोदने त्या पानाचा पत्ता हॉलंडला कळवला. दुसऱ्या दिवशी ई-मेलने उत्तर आलं की तीन अंश दिसतात, छान. आम्ही ऑफिसात म्हैसूरपाक वाटला. आनेकलच्या एका बंद खोलीतली थंडी समुद्रापलीकडचा माणूस पाहतो आहे, या गोष्टीची तेव्हा खरोखर मजा वाटत होती.

आठवड्याभराने त्याच माणसाचं दुसरं पत्र आलं. रोज दुपारी तुमची खोली गरम होते, असं का?

त्याचं बरोबर होतं. आलेखावर रोज दुपारी एक उंचवटा दिसत होता, तीनावरून सहा-सात अंशांपर्यंत. रेड्डींना साक्षीदार हवा होता. तो त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होता.

रेड्डी तडक बागेत गेले आणि दुपारच्या वेळी त्यांना दिसलं की खोलीचं दार उघडं आहे, चौकटीत फुलांचं रिकामं खोकं आडवं ठेवलेलं आहे आणि आत बायका जुड्या लावत आहेत. त्यांनी व्यवस्थापक चंद्रप्पाला सगळ्यांसमोर झापलं. चंद्रप्पाने बायकांना झापलं. हुकूम निघाला की दार उघडं दिसलं तर ज्याला दिसेल त्याने ताबडतोब लावायचं. आणि आमच्याकडे मागणी आली की दाराला एक बटण बसवा, दार जरा वेळ उघडं राहिलं की भोंगा वाजला पाहिजे.

मी भोंगा पिशवीत घालून आनेकलच्या बसमध्ये बसले.

त्या दिवशी शेजारच्या गावात जत्रा होती. बायकांनी पहाटेच लवकर काम उरकलं होतं आणि जेवायच्या आधीच त्या निघण्याच्या गडबडीत होत्या. मी शिडी लावून दाराच्या चौकटीचं माप घेत होते तेव्हा त्यांच्यातली एक जवळ येऊन उभी राहिली. लक्ष्मम्मा. चाळिशीची, उंच, हाताला काटे लागू नयेत म्हणून जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. ती जुड्या बांधणाऱ्या बायकांची मुकादम होती. आमचं बोलणं कन्नडमध्ये झालं, ते मी मराठीत सांगते.

"अक्का, हे काय बसवताय?"

"भोंगा. दार उघडं राहिलं की वाजणार."

"नका बसवू."

"साहेबांचा हुकूम आहे."

"दार आतून उघडत नाही," ती म्हणाली. "म्हणून आम्ही खोकं ठेवतो. उन्हाळ्यात मी आत राहिले होते. हाका मारल्या, लाथा मारल्या. संध्याकाळी ट्रकवाला आला तेव्हा दार उघडलं. त्यानंतर मी कुणालाच खोकं काढू देत नाही."

चंद्रप्पा तिथेच होता. तो वैतागून म्हणाला, "मेडम, हे बहाणे आहेत. आतून ढकलायचा दांडा आहे. हे बघा." त्याने उघड्या दाराच्या आतल्या बाजूची गोल मूठ दाबली. दांडा सरकन पुढे गेला, सरकन मागे आला. "चालतंय की नाही? यांना जोर लावायला नको."

मूठ खरोखर चालत होती. मी लक्ष्मम्माला म्हटलं, "मी बघते. नीट बघितल्याशिवाय भोंगा लावणार नाही." तिने मान हलवली. त्या मान हलवण्यात फारसा विश्वास नव्हता.

थोड्या वेळाने बाग रिकामी झाली. मला आतली लोंबती कांडी जरा वर बांधायची होती, कारण बादल्या सरकवताना ती आपटायची. मी दारात खोकं ठेवलं, आत गेले आणि पाठ दाराकडे करून वायर सोडवू लागले. खोकं घासल्याचा आवाज झाला. मी वळेपर्यंत दार लागलं होतं.

मागाहून कळलं ते असं. जत्रेला निघालेल्या चंद्रप्पाला जाता जाता दार उघडं दिसलं. मी मघाच्या बायकांबरोबर बसथांब्याकडे गेले असणार असं त्याने धरलं होतं. त्याने हुकमाप्रमाणे खोकं पायाने सरकवलं, दार लोटलं, बाहेरची कडी लावली आणि सायकलवर बसून निघून गेला. त्याने आत डोकावलं नाही, आणि हुकमात डोकावण्याबद्दल काही नव्हतंही.

मी मूठ दाबली. दांडा सरकन पुढे गेला आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबली. सगळं वजन टाकून दाबली. दांडा हवेत जात होता. बाहेरची कडी कधीतरी मोडली असणार आणि गावातल्या वेल्डरकडून नवी, जाड बसवून घेतलेली असणार. नव्या कडीपर्यंत आतला दांडा पोचतच नव्हता. दार उघडं असताना पाहणाऱ्याला मूठ चालते असंच वाटणार.

मी हाका मारल्या. हातोडीने दार ठोकलं. दार वीतभर जाडीचं, मध्ये फोम भरलेलं, आणि डोक्यावर पंख्यांची घरघर. ठोकल्याचा आवाज माझ्याच कानाशी मरत होता. अंगावर सुती सलवार-कमीज होता. हवा तीन अंश. पंख्याचा झोत ओल्या फडक्यासारखा मानेवर येत होता. ट्रक संध्याकाळी येणार होता, आणि जत्रेमुळे उशिरा येणार असं सकाळीच ऐकलं होतं.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त राग आला. लक्ष्मम्मा इथे अशीच उभी राहिली होती, अशाच लाथा मारल्या होत्या, आणि बाहेर आल्यावर तिला 'जोर लावायला नको' म्हणून सांगण्यात आलं होतं. मी ठरवलं की मी इथून बाहेर पडणार, आणि पडल्यावर काय करणार तेही तिथेच ठरवलं.

बाहेरच्या जगाशी बोलणारी एकच गोष्ट त्या खोलीत होती. ती माझ्या समोर वायरीवर लोंबत होती.

कांडीला हाक ऐकू येत नाही, तिला फक्त उष्णता कळते. म्हणजे मला उष्णतेत बोलायला हवं होतं. मी कांडी मुठीत धरली, पण बोटं आधीच गार पडली होती. मग लहानपणी ताप आल्यावर आई थर्मामीटर लावायची तशी ती काखेत धरली. बर्फाची सळई लावल्यासारखी कळ गेली. दात आवळून मी हात अंगाशी घट्ट दाबला, दुसऱ्या हाताने फुलं झाकायची गोणपाटं अंगावर ओढली, पंख्यापासून लांबच्या कोपऱ्यात वायर पुरेल तिथवर सरकले आणि जागच्या जागी पाय आपटत राहिले. भिंतीवरच्या दुसऱ्या कांडीला हात लावायचा नाही, हे मी मुद्दाम ठरवलं. एक कांडी तीन दाखवील आणि दुसरी माणसाचं अंग दाखवील. प्रमोदला ते कळलं पाहिजे. नुसता गजर समजून त्याने 'रेड्डींना सोमवारी कळवू' म्हटलं, तर संपलंच.

आता ऑफिसात काय झालं ते प्रमोदने पुढे कितीतरी वेळा सांगितलं आहे, आणि दर वेळी त्यात त्याची थोडी भर असते. मी कमीत कमी भर घालते.

पेटीचा गजराचा फोन आला. प्रमोदने पाहिलं, मधली कांडी चौदा अंश. त्याला वाटलं, बायकांनी पुन्हा दार उघडं टाकलं. पुढचा फोन, सत्तावीस. मग चौतीस. मग छत्तीसच्या वर, आणि तिथेच स्थिर. भिंतीवरची कांडी तीनच. तो उठून मूर्ती सरांच्या टेबलापाशी गेला.

"सर, रूम का टेम्परेचर छत्तीस है."

"दार उघडं असेल," मूर्ती सर म्हणाले.

"सर, बाहर भी छत्तीस नहीं है! आज तो बादल हैं. दार काढून नेलं तरी खोली बाहेरच्या हवेपेक्षा गरम कशी होईल?"

"मग वायर तुटली असेल."

"वायर तुटली तर आकडा वेडावाकडा येतो. हा तर हळूहळू चढला अन् थांबला. जसा डॉक्टरकडे चढतो तसा." मग त्याने माझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "सर, शारदा मॅडम आज तिथेच गेल्या आहेत न?"

त्याने बागेचा नंबर फिरवला. एंगेज. अर्थातच एंगेज, कारण बागेतला एकुलता टेलिफोन आमचीच पेटी वापरत होती. मला वाचवायला जी फोन करत होती तिनेच वाट अडवून ठेवली होती. प्रमोदने पेटीचं बोलणं पुरं होऊ दिलं, ती थांबल्याबरोबर नंबर लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही, मग पुन्हा पेटीची पाळी आली. पुन्हा थांबला, पुन्हा लावला. मूर्ती सरांनी दुसऱ्या फोनवरून रेड्डींच्या घरी लावला, तर ते बाहेर गेलेले.

लक्ष्मम्मा जत्रेला गेली नव्हती. तिच्या घरी त्याच महिन्यात सुतक होतं. ती बागेच्या नळावर बादल्या घासत होती. ऑफिसातला टेलिफोन वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो हे तिला ऐकू येत होतं. त्या फोनला हात लावायची बायकांना मनाई होती. पण कुणीतरी एवढं सारखं बोलावतंय म्हणजे कुणाच्या तरी घरी काहीतरी झालं असणार, असा विचार करून तिने शेवटी हात पुसले आणि फोन उचलला.

पलीकडे प्रमोद. त्याला कन्नड येत नाही. लक्ष्मम्माला हिंदी येत नाही. मूर्ती सर दुसऱ्या फोनवर अडकलेले. रिक्षावाल्यांकडून आणि खानावळीतून जमवलेले सगळे कन्नड शब्द प्रमोदने एका दमात आठवून पाहिले आणि त्यातले तीन ओरडून सांगितले.

"मेडम! ओळगे! बागिलु!"

मॅडम. आत. दार.

व्याकरण नव्हतं, क्रियापद नव्हतं. पण त्या बागेत या तीन शब्दांचा अर्थ तिच्याइतका कुणालाच कळला नसता. तिने फोन तसाच टाकला आणि धावली.

कडी निघाली, दार उघडलं, बाहेरची हवा गरम पाण्यासारखी अंगावर आली. लक्ष्मम्माने मला दंडाला धरून बाहेर ओढलं, उन्हाच्या एका तुकड्यात बसवलं आणि माझे तळवे आपल्या खरबरीत हातांत धरून चोळत राहिली. माझे दात एकमेकांवर आपटत होते, त्यामुळे बोलता येत नव्हतं. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य बोलायचा तिला पूर्ण हक्क होता, पण ती बोलली नाही.

मी किती वेळ आत होते ते मला कधीच नीट कळलं नाही. पेटीत ते सगळं नोंदलेलं होतं, पण मी मुद्दाम पाहिलं नाही.

संध्याकाळच्या आत रेड्डी मोटारीने पोचले. मागोमाग चंद्रप्पाही जत्रेतून परतला. त्याला बातमी रस्त्यातच कळली होती आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला वाटलं तुम्ही गेलात, मेडम." मला त्याचा राग आला नाही. त्याने कामच केलं होतं.

रेड्डी वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझी चौकशी केली, डॉक्टरकडे न्यायची तयारी दाखवली. मग म्हणाले, "बरं झालं काही झालं नाही. कडी बघतो मी कधीतरी. तो भोंगा तेवढा आज लावून टाका. हॉलंडवाला उद्या पुन्हा पत्र पाठवेल."

"भोंगा माझ्या पिशवीत आहे, सर," मी म्हटलं. "तो पिशवीतच राहील."

"म्हणजे?"

"आधी कडी बदला. आतून दांडा दाबला की दार उघडलं पाहिजे, दार बंद असताना. मग आत मी एक बटण लावीन. बटण दाबलं की पेटी आमच्या ऑफिसला फोन करील आणि इथे बाहेर घंटा वाजेल. ते झालं की बायका खोकं ठेवणार नाहीत. खोकं नसलं की भोंग्याची गरज नाही."

"या बायका उगाच घाबरतात हो. सवय नाही त्यांना."

"मी आत होते, सर. मलाही सवय नव्हती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लक्ष्मम्माकडे. "बघू," म्हणाले. 'बघू'चा अर्थ कन्नड, तेलुगू, मराठी सगळ्या भाषांत एकच होतो. म्हणून मी त्यांना म्हटलं, "आत्ताच बघा. तुम्ही आत जा, मी कडी लावते, आणि तुम्ही दांडा दाबून बाहेर या."

ते हसायला लागले, पण मी हसत नव्हते. चंद्रप्पाने मान खाली घातली. रेड्डी खोलीच्या उंबरठ्यापर्यंत गेले, आतल्या अंधाऱ्या थंडीत एक पाय टाकला, मूठ दाबून पाहिली. ती सरकन पुढे गेली, सरकन मागे आली. ते तिथे उभे राहिले. मग पाय मागे घेतला.

"चंद्रप्पा," ते म्हणाले, "उद्या सकाळी वेल्डर आण."

ऑफिसातली लढाई त्याहून चिवट निघाली. मूर्ती सरांनी माझी विचारपूस केली, दोन दिवस घरी राहायला सांगितलं. पण बटणाचं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचा प्रसंग आला की ते असंच करायचे.

"शारदा, आपण माहिती पोचवणारे. त्यांची दारं दुरुस्त करणं आपलं काम नाही. भोंगा त्यांनी मागितला होता, बटण त्यांनी मागितलं नाही."

"आपण माहिती पोचवली म्हणूनच दार बंद झालं, सर. आलेखावर उंचवटा दिसला, तो हॉलंडला दिसला, तिथून रेड्डींना, तिथून चंद्रप्पाला, आणि शेवटी तो त्या बायकांच्या अंगावर पडला. उंचवटा का येतो हे कुणी विचारलंच नाही. पेटीला ते ठाऊक नव्हतं. पण आपण तर माणसं आहोत."

"हो, पण..."

"मी परवा बटण घेऊन आनेकलला जाणार आहे. कंपनीचं काम म्हणून पाठवलंत तर तसं जाईन. नाहीतर रजा टाकून जाईन."

प्रमोद त्याच्या कॉम्प्युटरमागून म्हणाला, "सर, मीही रजा टाकतो. मला तीन शब्दांच्या पुढचं कन्नड शिकायचं आहे."

मूर्ती सरांनी चष्मा लावला. "सरी," ते शेवटी म्हणाले. म्हणजे ठीक आहे. आणि त्यांच्या बाजूने हेही सांगितलं पाहिजे की एकदा सरी म्हटल्यावर ते मागे फिरले नाहीत. त्यानंतर आम्ही जितक्या थंड खोल्यांना पेट्या बसवल्या, फळांच्या, औषधांच्या, आइस्क्रीमच्या, त्या प्रत्येक पेटीत पहिली तार आतल्या माणसाच्या बटणाची असे. उष्णतेची तार दुसरी. काही गिऱ्हाइकं म्हणायची, हे आम्हाला नको. मी म्हणायचे, मग पेटीही नको. एक-दोन कामं त्यापायी हातची गेली. मूर्ती सर चष्मा पुसायचे, पण अडवायचे नाहीत.

ती कंपनी पुढे राहिली नाही. मोबाईल आले, परदेशी बनावटीच्या देखण्या पेट्या आल्या, आमची पत्र्याखालची दुकानदारी मागे पडली. त्याचं मला वाईट वाटतं, पण फार नाही. रुखरुख दुसऱ्या गोष्टीची आहे. आता वस्तू आमच्या वेळेपेक्षा हजारपट बोलतात आणि ते सगळं कुठे कुठे जाऊन पोचतं. पण आलेखावर उंचवटा दिसला की उठून बस पकडून तिथे जाणारा माणूस मला आजूबाजूला फारसा दिसत नाही. हे म्हातारपणाचं बोलणं असेल, तर असो.

बटण बसवायला मी आणि प्रमोद आनेकलला गेलो तेव्हा नवी कडी लागलेली होती. मी स्वतः आत गेले, प्रमोदला बाहेरून कडी लावायला सांगितलं, दांडा दाबला. दार उघडलं. असं पुष्कळ वेळा केलं. मग आत दाराशेजारी लाल बटण बसवलं, बाहेर घंटा, पेटीला तार. बायकांना गोळा करून कडी आणि बटण दोन्ही दाखवलं. त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या, आणि दुपारी मी पाहिलं तर दारात खोकं होतंच.

मी हत्यारं पिशवीत भरली. सांगून काय होणार होतं? आम्ही ऑफिसला परत आलो. दुसऱ्या दिवशीही आलेखावर उंचवटा आला. तिसऱ्या दिवशीही.

मग एका दुपारी आमचा मोडेम किंचाळला आणि प्रमोदच्या पडद्यावर आनेकलच्या पेटीची पहिली ओळ लाल झाली. बटण. कुणीतरी आत होतं. प्रमोदने पेटीचं बोलणं संपायची वाट पाहिली, आणि तो नंबर फिरवत असताना मी त्याच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. पहिल्याच घंटेला चंद्रप्पाने फोन उचलला. धाप लागलेली होती. घंटा वाजल्याबरोबर मांडवांतून सगळे धावत आले होते, तो म्हणाला, माळी, बायका, फवारणीवाले, सगळे. दार उघडलं तर आत लक्ष्मम्मा उभी होती. डोक्याला शाल गुंडाळून, हात बांधून, शांत.

"तिला द्या फोन," मी म्हटलं.

फोनवर यायला तिने थोडा वेळ घेतला.

"काय झालं, लक्ष्मम्मा? दांडा अडकला का?"

"नाही. दांडा चालतो."

"मग बटण का दाबलं?"

"बघत होते," ती म्हणाली. "कुणी येतं का ते."

"आले का?"

"सगळे आले."

त्या दुपारी आलेखावर उंचवटा आला नाही.